बाळ काचेत आणि ताप आईला

प्रिय मित्रा,

वहिनींना सातवा लागला आणि बाळंतपणाला खानापूरला माहेरी येणार हे वाचून लई बरं वाटलं, पण लगेच आमच्या ताईचं सगळं डोळ्यापुढं आलं, फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहायलोय.

ताईला 33वा आठवडा चालू होता. मंगळवारी दुपारपासून थोडं थोडं पाणी जायला लागलं. आई म्हणाली लघवी असेल, या दिवसात सुटतेच, आणि ताईपण गप्प. गुरुवारी कणकण आली तेव्हा कुठं भर पावसात गाडी काढली. दवाखान्यात नर्स कन्नडवाली, पहिला प्रश्न, "नीरु यावागिंद?" पाणी कधीपासून? मंगळवार म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला.

डॉक्टरांनी सांगितलं, पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, शाबूत असते तोवर बाळ बंद खोलीत असतं, ती फुटली की खालचे जंतू वर चढायला मोकळे. 18 तास गेले तरी ते सावध होतात, आमचे दोन दिवस गेलेले! आणि उलटंपण होतं म्हणे, जंतू आधीच आत शिरलेले असतात आणि त्यांच्यामुळंच पाणमोट लवकर फुटते. ताईला महिनाभर उन्हाळी लागलेली, लघवीला जळजळ, आणि आम्ही तिला धण्याचं पाणी पाजत बसलो. तपासली असती तर एवढं झालंही नसतं कदाचित. त्यात रक्त कमी, हिमोग्लोबिन 8 वर आलेलं, म्हणजे अंगात झुंजायची ताकदच नाही. शुगर असेल तरी असंच धोक्याचं.

ताप नसता तर बाळाची फुप्फुसं पिकायला इंजेक्शन देऊन थोडे दिवस काढले असते, पण ताप आल्यावर थांबायचं नाही, अँटिबायोटिक लावून बाळंतपण उरकायचं. कळा लांबल्या, कितीदा आतून तपासलं (पाणी गेल्यावर दर तपासणीला जंतूंना वाट मिळते, चार तासांनी एकदा पुरतं), शेवटी सिझेरियन. म्हणजे आणखी एक जखम.

त्या इंजेक्शनचं एक सांगतो. गावपातळीवर ते जास्त बायकांना दिलं तर काय होतं याचा मोठा अभ्यास सहा देशांत झाला, त्यात आपलं बेळगावपण होतं, 2015ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला. आईला इन्फेक्शन झाल्याचा संशय असलेल्या केसेस वाढलेल्या निघाल्या. 2020ला सोयी असलेल्या दवाखान्यांत परत बघितलं तर बाळं जास्त वाचली आणि आईचं इन्फेक्शन वाढलं नाही. म्हणजे इंजेक्शनला भिऊ नको, कुठं देतात ते बघ.

आमची खरी चूक नंतरची. बाळ काचेत, सगळं घर तिकडं काचेला नाक लावून उभं. तिसऱ्या दिवशी ताई एकटी पडून थंडीनं कुडकुडत होती, टाके लाल, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास. दूध आटलंय का एवढंच विचारत होतो आम्ही तिला! परत सलाईन, परत अँटिबायोटिक, अकरा दिवस.

तेव्हा वहिनींना आत्ताच सांगून ठेव, पाणी गेल्यासारखं वाटलं तर कोरडा पॅड लावायचा, भिजला की वास रंग बघत बसायचं नाही, आईला विचारायचं नाही, सरळ गाडी. वेळ लिहून ठेवायची. आणि लघवीचा नि रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर टाक, ताईच मागायलीय, माझ्यावर तिचा भरवसा नाही.

तुझाच,
बंड्या