आईला सांगू नकोस

प्रिय मित्रा,

आधी शपथ घे की आमच्या आईला यातलं काही बोलणार नाहीस. जानेवारीत पार्किंगमध्ये बर्फावरून सटकलो, डावा घोटा फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. घरी सांगितलंय की ऑफिसचं काम लई वाढलंय म्हणून व्हिडिओ कॉल जमत नाही.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा बाहेर पडलो तो ब्रँडिवाइनला, फिलाडेल्फियापासून तासाभरावर. बघायला तसं काय नाही रे, टेकड्या, गवत आणि एक ओढ्यासारखी नदी. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इथेच ११ सप्टेंबर १७७७ ला, अमेरिकेच्या बाजूने इंग्रजांशी लढणाऱ्या लाफायेतच्या पायात गोळी घुसली, आणि तीही डाव्याच! वय किती, तर पाचच दिवसांपूर्वी वीस पूर्ण झालेली.

पोरगा फ्रान्समधला गर्भश्रीमंत. बाप इंग्रजांविरुद्धच्या लढाईत १७५९ ला मेला तेव्हा हा दोन वर्षांचाही नव्हता. राजा नको म्हणत असताना स्वतःच्या पैशाने जहाज घेतलं, प्रवासात इंग्रजी घोकलं, साउथ कॅरोलायनात उतरून धूळ खात फिलाडेल्फियाला पोचला, तर तिथल्या काँग्रेसवाल्यांनी (म्हणजे बंड केलेल्या अमेरिकन वसाहतींच्या सभेने) रस्त्यातच उभं केलं, कारण मोठा हुद्दा आणि मोठा पगार मागणाऱ्या फ्रेंच ऑफिसरांना ते पार वैतागले होते. हा म्हणाला पगार नको, फुकट लढतो. मग मेजर जनरल केलं, पण नावालाच, हाताखाली पलटण नाही.

त्या दिवशी आपली माणसं पळताना बघून हा घोड्यावरून उतरला, त्यांना अडवायला लागला, तेवढ्यात गोळी लागली. बुटातून रक्त वाहतंय आणि तसाच मागे चेस्टर गावच्या पुलापर्यंत, तिथे पहारा लावून पळणाऱ्यांना थांबवलं, मलमपट्टी नंतर. मी अँब्युलन्स येईपर्यंत पार्किंगमध्ये बोंबलत होतो ते आठवून लाज वाटली जरा.

आणि वळसा घालून यांच्या अंगावर आलेल्या इंग्रज फौजेत कोण, तर कॉर्नवॉलिस! तोच रे, ज्याच्याबरोबर १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध आपले हरिपंत फडके होते. जग केवढंसं आहे बघ.

पण माझ्या डोक्यात बसलंय ते लाफायेतचं बायकोला लिहिलेलं पत्र. लिहितो काय, तर किरकोळ लागलंय, हाडाला नाही, नसेला नाही, नुसतं पडून राहायचा कंटाळा येतो. प्रत्यक्षात कित्येक आठवडे इथल्याच पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे अंथरुणात होता. वाचून हसलो, म्हटलं हा तर आपल्यातलाच.

मग कळलं की लपवालपवी नसतानाही पत्रं काय खेळ करतात. ऑक्टोबरात तिकडे त्याची थोरली मुलगी, दोन वर्षांचीही नसेल, वारली. समुद्रापलीकडून बातमी यायला महिनोन् महिने. त्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या लष्करी छावणीत, जिथे लढाई न होता आजारानेच दोनेक हजार सैनिक मेले, तिथे हा पठ्ठ्या शिपायांच्या कपड्याबुटांची काळजी करतोय आणि मुलगी घरी खेळत असेल असंच समजतोय. तिथे मला पुढे वाचवेना, मोबाइल खिशात टाकला आणि लंगडत गाडीकडे आलो.

गाडीत बसल्याबसल्या आईचा फोन. काय करतोयस, म्हणाली. म्हटलं मीटिंग आहे.

होळीच्या आत सांगतो तिला, खरंच. तोवर तू गप्प. आणि ती तुला विचारायला आली तर सरळ विषय बदल, तुला खोटं बोलता येत नाही हे तिला पक्कं माहितीये.

तुझाच,
लंगडा