माझ्या टाचेतून आवाज गेला, तुमच्या कानात गेला नाही

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

नम्र विनंतीचं पत्र लिहायला बसले होते. पण उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर आहे, डाव्या अंगठ्यानं मोबाईलवर अक्षरं शोधत लिहावं लागतं, आणि असं लिहिताना नम्रपणा फार वेळ टिकत नाही. चुकलेले शब्द भाचीनं सुधारले आहेत. राग पण काढू म्हणत होती, तो मी काढू दिला नाही.

मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते. वय ५८. तीस वर्षांपासून ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते.

गेल्या वर्षी २० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) दिनी, आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात हाडांची मोफत तपासणी होती. आयोजकांचं नाव घेत नाही, त्यांनी फलकावर पुरेसं मोठं छापलं होतं. किती बाया आल्या ते मोजलं नाही, पण दारात चपलांचे अडीचशे जोड तरी होते. माझी एक चप्पल सापडायला अर्धा तास लागला.

मशीन लहानसं, बॅगेत मावेल एवढं. पोरानं टाचेला थंडगार जेल लावलं आणि पाय दोन गोल चकत्यांच्या मध्ये धरला. दोन मिनिटांचं काम. मी विचारलं, हे एक्स-रे आहे का? तो म्हणाला, "नाही जी मावशी, आवाज आहे. तुम्हाला ऐकू येत नाही इतकाच." एका चकतीतून आवाज निघतो, टाचेच्या हाडातून पलीकडे जातो. हाड भरलेलं असलं की भराभर जातो, आतून विरलं असलं की रेंगाळतो. किती वेगानं गेला आणि वाटेत किती जिरला, या दोन मापांवरून मशीन आकडा काढतं. टाचच का, तर तिथलं हाड जवळपास सगळं आतून स्पंजासारखं जाळीदार असतं, आणि हाडं विरायला लागली की जाळी आधी विरते. साडी धुऊन धुऊन विरते तशी. हे मला लगेच समजलं, कापडात आयुष्य गेलं माझं.

माझ्या चिठ्ठीवर आकडा आला उणे २.७. तरण्या बाईच्या हाडाच्या मानानं आपलं किती कमी, ते हे उणे सांगतं. पोरगा चांगला होता, म्हणाला, "काऊन घाबरता? ही फक्त चाळणी आहे. पक्कं डेक्सावर समजते." डेक्सा म्हणजे हाड किती भरीव ते मोजणारा एक्स-रे.

मग मंचावरून भाषण झालं. ज्यांचा आकडा कमी, त्या प्रत्येक भगिनीची डेक्सा तपासणी मोफत होईल, दोन महिन्यांत फोन येईल. टाळ्या. मीही वाजवल्या, तेव्हा दोन्ही हात चालत होते. एका लांब वहीत आमची नावं आणि मोबाईल नंबर लिहून घेतले. जाताना कॅल्शियमच्या दहा गोळ्यांची एक पट्टी मिळाली. तिच्यावर कंपनीचं नाव होतं आणि बाहेरच्या फलकावरही तेच होतं.

फोन आला नाही. जानेवारीत मीच केला. "यादी वर पाठवली." वर म्हणजे कुठे? "वर म्हणजे वरच." मार्चमध्ये पुन्हा केला, तर नंबर अस्तित्वात नव्हता.

खाजगीत विचारलं. कंबर आणि मांडीचा खुबा दोन्हींची डेक्सा, तीन हजार. साहेब, हे लाडक्या बहिणीचे बरोब्बर दोन हप्ते. दीड हजार येतात, नाही म्हणत नाही. पण एक हप्ता गॅस आणि किराण्यात गेला, दुसरा शिलाई मशीनच्या मोटारीत. मग म्हटलं फोन येईलच, मंत्र्यांच्या फोटोखाली उभं राहून बोलले आहेत.

सप्टेंबरात पडले. कुठे पडले तेही ऐका. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. जुना न खोदता वर थर चढवला, घर गेलं फूटभर खाली. फाटकाशी चढायला एक फरशी टाकली आहे. पावसात तिच्यावरून पाय सरकला आणि मी हात टेकला. बस्स, एवढंच. गाडी नाही, उंची नाही, उभ्या माणसानं हात टेकला आणि मनगट वाळल्या काडीसारखं गेलं.

हाडांच्या डॉक्टरांनी शिबिराची चिठ्ठी पाहिली आणि त्यांचा पहिला प्रश्न, "मग डेक्सा कुठे आहे?" मी तुमचं नाव सांगितलं नाही, लाज वाटली. त्यांनीच समजावलं. टाचेवरचा उणे २.७ आणि डेक्सावरचा उणे २.७ हे एक नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली जी उणे २.५ ची रेघ आखली, जिच्याखाली हाडं ठिसूळ धरतात, ती डेक्सासाठी, टाचेच्या आवाजासाठी नाही. टाच फक्त सांगते की इथे नीट बघा. पायाला सूज असली, टाच थंड-गरम असली, तरी आकडा हलतो. मशीनसुद्धा वरचेवर ठरलेल्या नमुन्यावर तपासून घ्यावं लागतं. त्या मंगल कार्यालयात कोणी तपासलं होतं? तरी मी मशीनला दोष देत नाही. बिचाऱ्यानं दोन मिनिटांत जे सांगितलं ते ऐकायला तुम्हा सगळ्यांना वर्ष पुरलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, पाळी कधी गेली? माझी पिशवी ४१ व्या वर्षी काढली, अंडाशयांसकट. तेव्हा "आता कटकट गेली" एवढंच सांगितलं होतं. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन, म्हणजे हाडं राखणारं बायांचं संप्रेरक, जातं आणि त्याच्यामागे हाड जातं, हे मला सतरा वर्षांनी कळलं, प्लॅस्टर बांधताना. माझ्या ओळखीतल्या, एका हाताच्या बोटांवर न मावणाऱ्या बायांची पिशवी चाळिशीत गेली आहे. त्यांच्यापैकी एकीलाही कोणी हाडांचं बोललेलं नाही. हाडं विरू नयेत म्हणून गोळी आठवड्याची एक असते म्हणे, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. एवढंच होतं ते.

आता हिशेब. जगात पन्नाशीपुढच्या तिघींपैकी एकीचं हाड असं मोडतं म्हणतात. आपल्या राज्यात पन्नाशीपुढच्या बाया कोटीच्या वर असणार. म्हणजे तीस लाखांवर मनगटं, मणके, खुबे. जगाची सरासरी इथे लावली, गणित माझं, चुकलं तर तुमच्याकडे अधिकारी आहेत, दुरुस्त करून पाठवा. तेवढ्यासाठी तरी फोन येईल.

जनआरोग्य योजनेची चौकशी केली. खिडकीवर सांगितलं, भरती झालात तर बसेल, बाहेरची तपासणी बसत नाही. म्हणजे हाड मोडा, मग या. एसटीत अर्धं तिकीट आहे, त्या एसटीत चढताना खुबा मोडला तर योजना आहे. ६५ झाले की दीड हजार बंद, कारण तेव्हा बहीण म्हातारी होते. आणि हाडं नेमकी तेव्हाच मोडतात.

मागण्या तीन लिहिणार होते. टाचेच्या मशीनचं शिबिर घ्यायचं तर डेक्साची तारीख त्याच टेबलावर हातात द्या, नसेल देता येत तर मंडप घालू नका. पिशवी काढलेल्या बाईच्या कागदावर हाडांचं लिहून द्या. तिसरी काय होती ते विसरले, अंगठा दुखतो आहे.

तुम्ही डिसेंबरात अधिवेशनाला इथे याल. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून येता, मोजके आठवडे. हुरडा होईल, संत्री होतील, मोर्चे अडवले जातील. विदर्भाला द्यायचं ते सगळं यादीत आहे, आणि यादी वर पाठवली आहे. सिंचनाचं तेच, नोकऱ्यांचं तेच. माझ्या मनगटाचं वेगळं कशाला होईल? आमच्या गल्लीचा रस्ता मात्र यादी न पाठवता आला, दर खेपेला थोडा उंच होऊन.

दिवाळीचे ३६ ब्लाऊज परत केले. एका बाईनं कापड घेताना म्हटलं, "काळजी घ्यायची ना, ताई." काय सांगू तिला?

काल चौकात पुन्हा फलक लागला. २० ऑक्टोबर, सकाळी ११, हाडांची मोफत तपासणी. फोटो तेच, एक वाढला आहे. माझं प्लॅस्टर १७ तारखेला निघतं. मी येणार. टाच देणार नाही, ती लांब वही मागणार. माझं नाव ६४ नंबरवर आहे, लिहिताना मी पाहिलं होतं.

आपली
(लाडकी की नाही ते तुम्ही ठरवा)
एक बहीण, मानेवाडा, नागपूर