रिकामं सिंहासन आणि चार्ल्स

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा निघता निघता तू म्हणालास, "चार्ल्स मार्टेल म्हणजे ७३२ची ती पॉइतिएची लढाई, बाकी काय?" अरब फौजेला त्याने फ्रान्समध्ये हरवलं, तीच ना? गाडीची वेळ झाली होती म्हणून बोललो नाही, पण ते मनातून जाईना.

अरे, ७३२ला तो मुरलेला सेनापती होता. त्याला बघायचं तर ७१४च्या डिसेंबरात बघ. बाप पेपिन, फ्रँकांच्या (आजच्या फ्रान्स-जर्मनीकडचे राज्यकर्ते लोक) राजवाड्याचा कारभारी, नुकताच वारलेला. मेरोविंजियन घराण्याचा राजा नावापुरता, सत्ता कारभाऱ्याची. पेपिनची थोरली बायको प्लेक्ट्रुड. तिचे दोन्ही मुलगे आधीच गेलेले. तिने लहानग्या नातवाच्या नावे कारभार हाती घेतला आणि सवतीच्या मुलाला, म्हणजे पंचविशीतल्या चार्ल्सला, कैदेत टाकलं. मला तिचा राग येत नाही. नातवाशिवाय तिचं उरलं होतं कोण?

पण पोरसवदा कारभारी बघून न्यूस्ट्रियाचे, म्हणजे राज्याच्या पश्चिम भागाचे, सरदार उठले. त्या गोंधळात चार्ल्स निसटला. ७१६ साली कोलोनजवळ न्यूस्ट्रियाच्या बाजूने आलेल्या फ्रिसियनांनी, म्हणजे उत्तर समुद्राकाठच्या लोकांनी, त्याला हरवलं. आयुष्यातला त्याचा हा एकच पराभव. उरलेली माणसं घेऊन तो आयफेलच्या डोंगरात शिरला. न्यूस्ट्रियाच्या फौजेने प्लेक्ट्रुडकडून खजिन्यातला मोठा वाटा उकळला आणि घरची वाट धरली. वाटेत आंब्लेव नदीकाठी, भर दुपारी ती फौज विसावली असताना, चार्ल्स तिच्यावर तुटून पडला. दिलीप, नुकताच मार खाल्लेला माणूस इतक्या लवकर सावरतो आणि नेमकी वेळ हेरतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढच्या वर्षी २१ मार्चला कांब्रेजवळ व्हँसीला तो समोरासमोरही जिंकला. मग कोलोनला जाऊन बापाचा उरलेला खजिना त्याने सावत्र आईकडून घेतला. खजिन्याशिवाय सरदार टिकत नसत. पुढे तर चर्चच्या जमिनीही त्याने आपल्या माणसांना दिल्या.

आणि एवढं करून तो राजा झालाच नाही! ७३७मध्ये राजा थेउडेरिक वारला, तेव्हा चार्ल्सने दुसरा राजाही बसवला नाही आणि स्वतःही बसला नाही. ७४१मध्ये तो गेला तोवर सिंहासन रिकामंच होतं. मुकुट मिळाला त्याच्या मुलाला, ७५१ साली. चार्ल्सला मात्र पुरलं सेंट डेनिसच्या मठात, राजांच्या शेजारी.

दिवाळीला येशील तेव्हा नकाशा काढून ठेवतो. आंब्लेवचा तो काठ तुला दाखवायचाय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश