पाण्याचा उद्भव तपासल्याशिवाय योजनेला मंजुरी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्यातील नव्या पाणीपुरवठा योजनेच्या भूमिपूजनाची बातमी कालच्या अंकात वाचली. जलकुंभाची क्षमता, जलवाहिनीची लांबी, मंजूर रक्कम हे सारे तीत आहे. परंतु ज्या विहिरीच्या भरवशावर हा खर्च होणार, ती मे महिन्यात किती पाणी देते, याविषयी एक ओळही नाही. आपल्या बातमीदाराने तो प्रश्न विचारायलाच हवा होता.

आमच्या गावची आधीची योजना अशीच फसली. नाल्याकाठी उद्भव विहीर, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर, खोदली आणि तिची क्षमता चाचणी पावसाळा नुकताच सरलेला, नाला वाहता असताना उरकली. आमच्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यामुळे दिवाळीत तुडुंब दिसणारी विहीर होळीनंतर तळ गाठते, हे कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. ग्रामसभेत आम्ही काही जणांनी उन्हाळी चाचणीचा आग्रह धरला, तेव्हा निधी परत जाईल, असे सांगून विषय मिटवण्यात आला. पुढे नाल्याच्या वरच्या अंगाला बोअर वाढले, विहीर आटली, पंपाचे वीजबिल थकले आणि जोडणी तोडली गेली. आजही मार्च उजाडला की घरातील बायाबापड्या टँकरमागे धावतात, आणि याचा मला मनस्वी संताप येतो.

योजना आखताना जलवाहिनीचे आयुष्य 30 वर्षे आणि पंपाचे 15 वर्षे धरतात. मग उद्भवाला तेवढीच कठोर कसोटी का नसावी? 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दरडोई रोज 55 लिटर पाणी देण्याचे ठरले आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला त्यासाठी रोज 1 लाख 10 हजार लिटर लागतात, आणि ते अवर्षणाच्या वर्षीही मिळतील का, हे अंदाजपत्रकाच्या आधी पाहिले पाहिजे. पाणी किती उंच चढवावे लागेल, त्याचे वीजबिल गावाला पेलेल का, हा हिशेबही बांधकामाच्या खर्चाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण बांधकामाला निधी एकदा येतो, बिल मात्र दरमहा येते. पाणी जमिनीत मुरवणारी नालाखोलीकरण आणि सिमेंट बंधाऱ्यांची कामे आपल्याच जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात झाली आहेत. उद्भवाच्या वरच्या अंगाला अशी कामे आधी आणि नळजोडणी नंतर, असा क्रम का ठेवू नये?

पांझरा नदीच्या खोऱ्यात बंधाऱ्याचे पाणी फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, वाटून देण्याची जुनी फड पद्धत आहे. तीत बंधाऱ्याचे पाणी पाहून कोणत्या फडात ऊस घ्यायचा आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे गावकरी मिळून ठरवत आले. ही शिस्त शेकडो वर्षे ज्या जिल्ह्यात पाळली गेली, तेथे पिण्याच्या पाण्याची योजना पाणी न पाहता मंजूर व्हावी, हे मला समजू शकत नाही.

जाता जाता पाणीपट्टीविषयी. उन्हाळ्यातले महिने नळ कोरडा असूनही आमच्याकडून पूर्ण वर्षाची पाणीपट्टी घेतली जाते, आणि ती भरल्याशिवाय दाखलाही मिळत नाही. पाणी न दिलेल्या महिन्यांची आकारणी रद्द करावी, अशी आमची लेखी मागणी आहे. तिला अद्याप उत्तर आलेले नाही.

आपला,
एक वाचक, साक्री तालुका, जि. धुळे