मेणवलीच्या घाटावरच्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

घरी आल्यापासून आई रोज कुणा ना कुणाला फोनवर तुमच्याबद्दल सांगते आणि ऐकताना दर वेळी माझा गळा दाटून येतो. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

आईचं आजोळ वाईचं. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या घाटावर, पाण्यालगतच्या पायरीवर बसून तिला एक फोटो हवा होता. मागणं एवढंच. पण आगाऊ पैसे घेतलेला गाइड वाड्यापाशीच म्हणाला, ‘आजींना जमायचं नाही, वरूनच काढा,’ आणि दुसऱ्या पार्टीबरोबर निघून गेला. घाटावर प्री-वेडिंगचं शूटिंग चाललेलं. ‘आजी, फ्रेममध्ये येताय, बाजूला व्हा!’ आई काठी टेकत मुकाट बाजूला झाली. सिनेमांमुळे मेणवली सगळ्यांना माहीत झाली. जिला ती लहानपणापासून माहीत आहे तिला मात्र तिथे उभं राहायला जागा नव्हती.

तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. गोणपाट आणलंत, शेवाळलेल्या पायरीवर अंथरलंत आणि ते सरकू नये म्हणून खालच्या पायरीवर उकिडवे बसून दोन्ही तळहातांनी दाबून धरलंत. आईचा पाय नीट टेकला की तेच गोणपाट पुढच्या पायरीवर. धोतराचा सोगा पाण्यात भिजत होता, तिकडे तुमचं लक्षही नव्हतं. ‘सावकाश, माई. घाट कुठं पळून जात न्हाई.’

घरचीसुद्धा म्हाताऱ्या माणसाला ‘आता राहू दे’ म्हणून मोकळी होतात. तुम्ही तिला का जायचंय हेही विचारलं नाहीत. अशी माणसं गावात आहेत म्हणून आमच्यासारख्यांना परत यावंसं वाटतं, नुसत्या दगडी पायऱ्यांसाठी कोण येईल?

मग तुम्ही आईला मेणेश्वराच्या देवळाजवळची ती मोठी घंटा दाखवलीत. 1739 च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली, 1707 साल कोरलेली, अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी. आई त्या मेरीकडे किती वेळ बघत होती! निघताना म्हणालात, धोमला कासवाच्या पाठीवरचा नंदी बघाच, आणि वाईत ढोल्या गणपतीच्या देवळाचा फोटो मागून घ्या. पुराचं पाणी फुटावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, तिथं कुणी जात नाही. आम्ही गेलो. रास्त्यांनी 1762 साली बांधलेलं ते देऊळ आई जन्मभर फक्त समोरून बघत आली होती!

पायरीवरचा फोटो मोठा करून घेतलाय. त्यात आई हसतेय आणि कडेला तुमचे गोणपाटावरचे हात आलेत. स्टुडिओवाला ते कापू का विचारत होता. आईने त्याला चांगलंच झापलं. तुमची प्रत काढून ठेवली आहे. कार्तिकात घेऊन येतोय. आई म्हणते, या खेपेला काकूंनाही भेटायचंय.

तुमची,
माईंची मुलगी