थिएटरातला आवाज आणि उजेड कोण मोजणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मराठी सिनेमाला प्रेक्षक का येत नाहीत यावर तुमच्याकडे नेहमी पत्रं छापून येतात, शो मिळत नाहीत, तिकीट महाग, ओटीटी वगैरे, ते सगळं खरंच आहे. पण मी साउंड मिक्सिंगमध्ये, म्हणजे सिनेमाचे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करायचं, काम करतो आणि मला रोज खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. आम्ही स्टुडिओत जे बनवतो ते बऱ्याच थिएटरांत तसं पोचतच नाही, आणि ते पोचतंय का हे मीटर लावून तपासायला आलेला माणूस मी अजून एकाही थिएटरात बघितलेला नाही.

काम कसं चालतं ते सांगतो. मिक्सिंगच्या आधी पडद्यामागच्या एकेका स्पीकरमधून पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा खरखरीचा आवाज, सोडतात, बसायच्या जागी मीटर धरतात आणि 85 डेसिबल येईपर्यंत लेव्हल सेट करतात, त्यावेळी साउंड प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण, 7 या आकड्यावर असतो. थिएटरातही असंच सेटिंग असेल आणि फेडर 7 वर असेल तर स्टुडिओतली कुजबुज तिथेही कुजबुज म्हणूनच ऐकू येते, ओरडणं ओरडण्यासारखं. एवढा साधा हिशोब आहे.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी आमच्याच पिक्चरच्या शोला मागच्या रांगेत बसलो होतो. आई मुलीला हळू आवाजात एक वाक्य बोलते आणि पुढची सगळी गोष्ट त्या वाक्यावर उभी आहे, तिथे शेजारच्या काकू नवऱ्याला विचारायला लागल्या, "काय म्हणाली ओ ती?" इंटरव्हलला प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेलो तर फेडर साडेचारवर आणि वर चिकटपट्टी लावलेली. फेडरचा एक आकडा म्हणजे साधारण सव्वातीन डेसिबल, म्हणजे आठेक डेसिबल आवाज कमी. ऑपरेटर बिचारा चांगला माणूस, म्हणाला साहेब जाहिराती आणि ट्रेलर इतके जोरात येतात की लोक तक्रार करतात, मालकांनी सांगितलंय हात लावायचा नाही. त्याचं काय चुकलं? जाहिरातीसाठी आवाज खाली करायचा आणि पिक्चर सुरू झाला तरी तो तसाच राहू द्यायचा, हे खूप ठिकाणी चालतं. मग निर्माते म्हणतात डायलॉग ऐकू येत नाही, अजून चढवा, आम्ही चढवतो, थिएटरवाले अजून खाली करतात. यात मरतो तो हळू आवाज. अमेरिकेत ट्रेलर किती जोरात असावा याचीसुद्धा तिथल्या इंडस्ट्रीने मर्यादा ठरवून घेतलीय, तसं इथे का नको?

उजेडाचंही तेच. पडद्यावर नुसता पांढरा प्रकाश टाकला तर मध्यभागी 48 कँडेला प्रति चौरस मीटर, म्हणजे जुने लोक ज्याला 14 फूट-लँबर्ट म्हणतात, तेवढा उजेड यायला हवा, कलर ग्रेडिंग, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड ठरवायचं काम, तेवढ्या उजेडावरच केलेलं असतं. लॅम्प जुना झालेला, वीज वाचवायला पॉवर खाली केलेली, केबिनच्या काचेवर धूळ, नाहीतर थ्रीडीसाठी लावलेल्या चंदेरी पडद्यावर साधा पिक्चर, मग मधे चकाकी आणि कडांना अंधार. रात्रीच्या सीनमध्ये चेहरे दिसत नाहीत आणि लोक बाहेर येऊन म्हणतात कॅमेरामनने अंधारात शूट केलंय. त्या माणसाने रात्र रात्र जागून केलेलं काम असतं हो ते.

मोजमापाची ही शिस्त आपल्याला नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांकडे कच्ची फिल्म बिनछिद्रांची यायची आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून तिला छिद्रं पाडायच्या, एका फ्रेमला चार, एका फुटाला 64, त्यात फरक पडला की फिल्म मशीनमध्ये नीट चालणार नाही. 35 मिलिमीटरचं माप 1909 साली पॅरिसमध्ये ठरलेलं होतं, म्हणूनच घरात छिद्रं पाडलेली फिल्म 1913 मध्ये गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चालली आणि पुढच्या वर्षी फाळके आपल्या फिल्मा घेऊन लंडनला जाऊ शकले.

डिजिटल आल्यावर मात्र आपल्याकडे गडबड झाली. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी 2002 मध्ये डीसीआय (डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज) ही संस्था स्थापन केली, 2005 मध्ये प्रोजेक्टर, सर्व्हर, रंग, रिझोल्यूशन सगळ्याचे नियम छापले आणि आमचा पिक्चर त्याच मशीनवर लागेल असं जगाला सांगितलं. आपल्या लहान गावांना ती मशीनं परवडणारी नव्हती, तिथे सॅटेलाइटवरून येणारा ई-सिनेमा, म्हणजे त्या नियमांत न बसणारं स्वस्तातलं डिजिटल प्रोजेक्शन, आला, त्यामुळे पुण्यामुंबईच्याच शुक्रवारी तालुक्यातही पिक्चर लागायला लागला, हे मोठं काम झालं आणि त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण हॉलिवूडवाल्यांनी त्यांच्या पिक्चरची काळजी घेतली, आपल्या पिक्चरची कोणी घ्यायची?

माझ्या मते हे काम भारतीय मानक ब्युरोचं आहे. सभागृहाच्या ध्वनिरचनेचं आयएस 2526 तर 1963 सालचं आहे, म्हणजे हा विषय त्यांना परका नाही. पडद्यावरचा उजेड आणि हॉलमधली आवाजाची लेव्हल यांची जगात मान्य असलेली मापं घ्या, जाहिराती आणि ट्रेलर त्यात धरा, आणि लायसन्सच्या नूतनीकरणाला जोडा. आग विझवायची साधनं, वायरिंग, बाहेर पडायचे दरवाजे जसे तपासतात तसंच वर्षातून एकदा मीटर लावा, तासाभराचं काम आहे. सिंगल स्क्रीनवाल्यांवर लगेच दंड नको, ते आधीच मेटाकुटीला आलेत, त्यांना नवीन लॅम्प आणि स्पीकरसाठी सरकारने मदत द्यावी. मराठी चित्रपटांना आपलं सरकार अनुदान देतंच, त्यातला थोडा हिस्सा तो चित्रपट जिथे दिसणार त्या पडद्यावर खर्च करायला काय हरकत आहे?

आपला,
एक साउंड मिक्सर, पुणे