दुतोंड्या मारुती आणि येवल्याचा पाऊस

नाशिक,
भाद्रपद

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढल्याचे छायाचित्र पाहून ‘मग येवल्यात टँकर कशाला लागतात?’ असे तू विचारलेस. त्यात तुझा दोष नाही. गावातले आम्हीदेखील पाऊस त्या मारुतीवरूनच मोजतो. पण ते पाणी त्र्यंबककडच्या डोंगरांतले. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि घाट उतरणारी हवा तापून कोरडी पडते. म्हणून इगतपुरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना, त्याच जिल्ह्यात पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवरच्या येवल्याला ५०० च्या आसपासच भागवावे लागते. या दोहोंची सरासरी काढून जिल्ह्याचा पाऊस सांगणे ही मला तरी थट्टाच वाटते.

त्यातही खरी अडचण वेळेची आहे. मृगात पेरणीपुरती ओल होते, तरणा आणि म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांतला) पाऊस नुसताच भुरभुरतो आणि पुढे खंड पडतो. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, त्या महिन्यात मी मामांच्या शेतावर होतो. तुऱ्यात आलेल्या मक्याची पाने सकाळी नऊलाच सुरळीसारखी वळली होती. मामांनी खुरप्याने सरी उकरली. वीतभर खालची मातीसुद्धा मुठीत धरताच भुगा होऊन गळाली. “वरून हिरवं दिसतंय, पण कणसात दाणा भरायचा नाही,” एवढेच ते बोलले. मघा नक्षत्रही कोरडे गेले आणि ऑक्टोबरअखेर येवला, सिन्नर, मालेगाव हे तालुके दुष्काळी जाहीर झाले.

या पट्ट्याची सारी भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर असते. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकले, तर तेव्हा विहिरींना पाणी उतरते. गंमत अशी, की ज्या परतीच्या पावसासाठी मामा देव पाण्यात घालून बसतात, तोच लांबला तर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांची झोप उडते, कारण ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर डावणी हा बुरशीचा रोग याच ओलाव्यात येतो. कोणासाठी प्रार्थना करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही!

यंदा मामांनी रांगड्या (खरीप आणि रब्बीच्या मधल्या) कांद्याचे रोप टाकले आहे, लागवड मात्र अडलेली आहे. विहिरीत दोन परस (दोन पुरुष खोल) पाणी चढल्याखेरीज मजूर सांगायचे नाहीत, असे त्यांनी ठरवले आहे. पालखेड धरणाच्या कालव्याला पाळीपाळीने सुटणाऱ्या पाण्यावर, म्हणजे आवर्तनावर, त्यांचा भरवसा नाही. हस्ताचा ‘हत्ती’ बरसला की कळवतो.

तुझा,
अनंत